वेताच्या ढाली बघायला नेईमेनला

शुक्रवार, ताइनान

नेईमेन हे तैवानच्या दक्षिणेतलं डोंगरातलं गाव, तिथे जत्रेत वेताच्या ढाली आणि काठ्या घेऊन खेळणारी सोंग जियांग पथकं उतरतात. जत्रा शनिवार-रविवारची, पण मी एक दिवस आधीच निघाले कारण वाटेत ताइनान लागतं आणि या ढालींची गोष्ट तिथूनच समजून घ्यावी असं लॅबमधल्या मित्राने बजावून सांगितलं होतं, त्याचं आजोळ नेईमेनचं. आम्ही शिन्चूला राहतो, नवरा चिपच्या कंपनीत आणि मी युनिव्हर्सिटीत, मराठी मंडळी इथे बऱ्यापैकी आहेत, गणपती-दिवाळी सगळं होतं, पण ढाल-काठ्या घेऊन भिडणारी पथकं बघायला दक्षिणेतल्या डोंगरात चला म्हटल्यावर कोणी तयार होईना. नवऱ्याला शिफ्ट. मग एकटीच. मूळची मी कोल्हापूरची, लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकलेय, लाठी, फरी-गदका, थोडा दांडपट्टा, त्यामुळे ढाल म्हटलं की मला घरी बसवत नाही.

हायस्पीड ट्रेनने दीड तासाच्या आत ताइनान, पण ते स्टेशन शहराबाहेर शेतात आहे, तिथून लोकल, मग सिटी बस, असं करत आनपिंगला पोचेपर्यंत दुपार. आनपिंगचा किल्ला म्हणजे डचांचा फोर्ट झीलँडिया. वर चढून जे दिसतं ते बरंचसं नंतर बांधलेलं आहे, खरं जुनं बघायचं तर खाली या, वडाच्या मुळांनी कवटाळलेली विटांची भिंत आहे, ती 17व्या शतकातली. साखरेचा पाक, चिकट तांदूळ आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुना असं मिसळून विटा जोडल्यात आणि अजून उभी आहे.

तर 1661 च्या एप्रिलअखेर जंग छंगगुंग, युरोपियन लोक ज्याला कोशिंगा म्हणायचे, तो मिंग राजघराण्याच्या बाजूचा सरदार चीनच्या किनाऱ्यावरून आरमार घेऊन इथे उतरला. डचांचा कॅप्टन पेडेल 240 बंदूकवाले घेऊन वाळूच्या दांड्यावर गेला, त्याची पक्की समजूत होती की दोन फैरी झाडल्या की चिनी पळतात. पळाले नाहीत. पेडेलसकट 118 जण तिथेच पडले. पुढे नऊ महिने वेढा आणि 1 फेब्रुवारी 1662 ला डच गव्हर्नर कोयेटने किल्ला सोडला. या कोयेटच्या बाजूने 1675 साली जी हकीकत छापली गेली त्यात कोशिंगाच्या ढालवाल्यांचं वर्णन आहे, मान खाली घालून ढालीआड वाकून हे लोक असे घुसायचे की जणू प्रत्येकाने एक जादाचं शरीर घरी ठेवलंय. हरलेल्या माणसाने जिंकणाऱ्याबद्दल इतकं मोकळेपणाने लिहावं हे मला फार आवडलं.

आणि ढाल कसली, तर वेताची! लोखंड नाही, गेंड्याचं कातडं नाही, वेत गोल गोल गुंडाळत नेऊन बांधलेली, मध्ये फुगीर. हलकी असते, ओली झाली तरी फारसं बिघडत नाही, तलवारीचा घाव बसला तर वेत दबतो आणि पातं अडकतं, बाण तर अडतोच. बंदुकीच्या गोळीपुढे मात्र काही खरं नाही, म्हणून तर ते वाकून धावत जायचे, गोळी भरायला वेळ मिळायच्या आत समोरच्याच्या अंगावर. कोशिंगाच्या नातवाने 1683 मध्ये मिंगांनंतर चीनवर बसलेल्या छिंग घराण्याच्या बादशहापुढे शरणागती पत्करली, आणि मग हेच ढालवाले बादशहाच्या नोकरीत लागले. दोनच वर्षांनी, 1685 मध्ये, कांगशी बादशहाने त्यातल्या काहीशे जणांना पार उत्तरेला आमूर नदीवर अल्बाझिनच्या किल्ल्यातल्या रशियनांवर पाठवलं. चिनी वर्णनांप्रमाणे तराफ्यावरून रशियनांची कुमक येत होती, तर हे लोक डोक्यावर ढाल धरून नदीत उतरले. चीनच्या फुजियान प्रांताच्या आणि तैवानच्या गरम हवेतली माणसं आणि कुठे ते सायबेरियाच्या तोंडाशी, विचार करूनच मला गारठल्यासारखं झालं.

संध्याकाळी आनपिंगच्या गल्लीत कालवांचं ऑम्लेट खाल्लं. चिकट असतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

शनिवार, छिशान आणि नेईमेन

सकाळी त्सोयिंगला, म्हणजे काओशुंग शहराच्या हायस्पीड स्टेशनला येऊन तिथून छिशानची बस. छिशान हे केळ्यांचं गाव, जपानी काळात इथून केळी आणि ऊस जायचा, जुनं रेल्वे स्टेशन जपून ठेवलंय, त्याच्यासमोर जुन्या नक्षीदार दर्शनी भिंतींची बाजारपेठ. केळ्याचं आइस्क्रीम, केळ्याचा केक, केळ्याचे पापड, सगळं केळंच. तासाभरात उरकलं.

मित्र स्कूटर घेऊन न्यायला आला. छिशान सोडलं की जमीन बदलते, करड्या चिखल-दगडाच्या टेकड्या, वरून धुपलेल्या, धारदार, त्यांच्यावर काटेरी बांबू सोडून काही धड उगवत नाही. भातशेती जेमतेम. नेईमेनला पूर्वी लुओहानमेन म्हणायचे, डोंगरातली खिंडच ती, एका बाजूला मैदानातली चिनी वस्ती आणि दुसऱ्या बाजूला मूळ रहिवाशांचा डोंगर. 18व्या शतकात इथे सरकार नावालाच. दरोडेखोर यायचे, डोंगरातल्या लोकांशी जमिनीवरून चकमकी, आणि फुजियानच्या दोन जिल्ह्यांमधून आलेल्या लोकांच्या आपसातल्या मारामाऱ्या वेगळ्या. मग गावकरी काय करणार, बांबूचं दाट कुंपण लावायचं आणि पोरांना हत्यार शिकवायचं. आणि ते शिकवायचं देवळाच्या अंगणात, देवाच्या नावाने, म्हणजे सरकारलाही उगाच बोलता येत नाही. सोंग जियांग पथकं कुठून आली याबद्दल बरीच मतं आहेत, कोणी कोशिंगाच्या सैन्याचं नाव घेतं, कोणी त्याच्याही आधीच्या छी जीग्वांग या सेनापतीचं, पण हे डोंगर बघितल्यावर मला तरी वाटतं की पथक कुठूनही आलेलं असो, ते इथे टिकलं कारण इथे लागत होतं.

सोंग जियांग कोण ते सांगते. जुन्या चिनी कादंबरीतला बंडखोरांचा सरदार, लियांगशानच्या दलदलीत 108 जणांना घेऊन बसलेला. पथकात त्याचीच माणसं असतात असं मानतात, म्हणून पथक 36 चं, 72 चं नाहीतर 108 चं. 108 सहसा कोणी करत नाही, हे 108 जण ताऱ्यांचे अवतार मानतात, एवढे सगळे तारे एकदम खाली उतरवणं लोकांना जड वाटतं. बहुतेक सगळीकडे 36. पुढे झेंडेवाला, तो स्वतः सोंग जियांग, आणि त्याच्या जोडीला दोन कुऱ्हाडीवाला, तो ली क्वेई, कादंबरीतला सगळ्यात तापट माणूस. बाकीच्यांकडे वेताची ढाल आणि आखूड तलवार, लांब बांबू, काठ्या, दुधारी भाले, मोठ्या पात्याचं ग्वानदाव, दाताळं, आणि हो, छत्री. खरोखरची छत्री, तिनेही लढतात. शेतकऱ्याच्या घरात जे होतं ते सगळं पथकात आलेलं दिसतं.

रात्री जेवणं झाल्यावर देवळापुढच्या अंगणात सराव. दिवसभर शेतावर, गॅरेजमध्ये नाहीतर काओशुंगच्या कारखान्यात काम करून आलेली माणसं, काही शाळकरी पोरं, दोन आजोबा. एका बाजूला टेबलावर देवाची मांडणी, उदबत्त्या, आणि हत्यारं ओळीने उभी, प्रत्येकाला लाल कापड आणि मंत्राच्या पिवळ्या चिठ्ठ्या. हत्यार ओलांडायचं नाही, दुसऱ्याचं उचलायचं नाही, आणि बायकांनी हात लावायचा नाही ही जुनी चाल. आता मुली पथकात येतात, शाळा-कॉलेजच्या गटांत तर भरपूर, पण गावच्या देवाच्या पथकात आजोबा लोक अजून थोडे अवघडतात. मित्राचा मामा ढालवाला, वय पन्नाशीपुढे, त्याने बाजूच्या खोलीतून सरावाची ढाल आणून दिली, चिठ्ठी न बांधलेली, म्हणजे देवाचंही राहिलं आणि माझंही झालं. अशी तोड काढणारी माणसं मला फार आवडतात.

ढाल हातात घेतली आणि मी सवयीने पवित्रा घेतला, ढाल छातीपुढे, उजवा हात मोकळा. मामा हसला. त्याने माझा गुडघा पायाने खाली दाबला, अजून खाली, अजून, शेवटी मी जवळजवळ उकिडवीच. ढालीची कड डोळ्यांच्या जरा खाली, पाय पूर्ण झाकलेले, आणि तिथून चालायचं नाही तर लोळत पुढे जायचं, कोलांटी मारून उठायचं ते थेट समोरच्याच्या घोट्याजवळ. लांब काठीवाल्याचा मार वरून येतो ना, मग खाली जागा मोकळी असते. फरी-गदक्यात फरीवर वार झेलायचा आणि गदक्याने द्यायचा, इथे झेलण्यापेक्षा घुसणं जास्त. मी दोनदा लोळले आणि तिसऱ्यांदा नको म्हटलं, मांड्या बोलायला लागल्या होत्या.

पण खरी गंमत नंतर कळली. मामा एकटा खेळताना ठीकठाक वाटत होता, खरं सांगायचं तर आमच्या तालमीतल्या वस्तादांपुढे काहीच नाही. मग ढोल सुरू झाला, छत्तीस जण दोन रांगांत लागले आणि तोच माणूस एकदम वेगळा दिसायला लागला. त्याच्या मागून लांब बांबू येतोय, बाजूने दाताळं, तो खाली लोळतोय तेव्हा वरून मागच्याचा भाला जातोय. एकाच्या उघड्या बाजूवर दुसऱ्याचं हत्यार. दांडपट्टा फिरवायला चहूबाजूंनी रिकामं मैदान लागतं, पट्टेवाल्याच्या जवळ आपला माणूससुद्धा फिरकत नाही, आणि इथे हातभर अंतरावर शेजारी. म्हणजे सगळी कला आपल्या जागेवर राहण्याची. चुकीच्या जागी सुंदर कोलांटी मारलीस तर मागच्याचा बांबू डोक्यात बसतो, असं मामाने हातवारे करून सांगितलं, मित्राला भाषांतर करायची गरजच पडली नाही.

हे छी जीग्वांगचं गणित आहे असं मित्र म्हणाला आणि मग अंगणाच्या पायरीवर बसून त्याने मला ते समजावलं. हा मिंग काळातला सेनापती, 1528 ते 1588. जेजियांगच्या किनाऱ्यावर वोकोउ चाचे यायचे, त्यांच्या जपानी तलवारी लांब आणि हात तयार, सरकारी शिपाई एकास एक टिकायचे नाहीत. छीने काय केलं, यीवूचे खाणकामगार आणि शेतकरी भरती केले आणि बारा-बारा जणांच्या तुकड्या पाडल्या. पुढे एक नायक, मग दोन ढालवाले, एकाकडे लांब ढाल आणि दुसऱ्याकडे गोल वेताची. त्यांच्या मागे दोघांकडे फांद्या न तोडलेला अख्खा बांबू, टोकाला लोखंड, तो नुसता समोर धरला तरी तलवारवाला जवळ येऊ शकत नाही. मग चार लांब भाले, दोन त्रिशूळवाले, आणि बारावा स्वयंपाकी. वेताच्या ढालीवाल्याने आधी छोटा भाला फेकायचा, समोरचा तो चुकवण्यात गुंतला की तलवार उपसून घुसायचं. याला तो मँडारिन बदकांची रचना म्हणायचा, ही बदकं जोडीने राहतात म्हणून. 1561 मध्ये तायजोउला याच रचनेने चाच्यांना धुवून काढलं. कोणीही एक जण थोर तलवारबाज नव्हता, आणि छीला तसा नकोच होता, त्याच्या पुस्तकात देखणे हात करून दाखवणाऱ्यांबद्दल फारसं प्रेम दिसत नाही. मला हे जरा टोचलं, कारण आमच्याकडे टाळ्या त्यालाच मिळतात.

रविवार, नेईमेन

सकाळपासून फटाके. ग्वानयिन देवीचा जन्मदिवस चिनी दुसऱ्या महिन्याच्या 19 तारखेला, त्याच्या आसपास ही जत्रा, साधारण मार्चमध्ये. पालखीसोबत गावोगावची पथकं देवळापुढे येतात, प्रत्येक पथक आधी देवीला सलामी देतं, झेंडा आणि कुऱ्हाडी पुढे होऊन तीनदा वाकतात, मग मैदान यांचं.

ढोल, झांज आणि थाळीसारखी मोठी घंटा, एवढंच वाद्य, आणि सगळे हुकूम त्यातूनच. कोणी ओरडून सांगत नाही, ठेका बदलला की रचना बदलते. आधी दोन्ही रांगा गोल फिरतात, मग गोल आत आत वळत जातो, गोगलगायीच्या शिंपल्याच्या आकारात, आतून परत उलगडतो. मग चार दरवाजे उघडतात, म्हणजे चारही कोपऱ्यांत जाऊन तिथे सलामी आणि वार. साप कात टाकतो त्या चालीत एक रांग दुसऱ्या रांगेच्या पोटातून निघते, हत्यारं एकमेकांना चाटून जातात आणि धडकत नाहीत. आणि गांधीलमाशांचं पोळं, ते तर काय सांगू, छत्तीस जण मध्ये एका घट्ट गोळ्यात दाटलेले, ढाली बाहेरच्या बाजूला, ठेका हळू हळू हळू, आणि मग एक ठोका पडतो आणि सगळे आरडत चहूकडे फुटतात. पुढे उभी असलेली माणसं मागे सरकतात, दर वेळी, माहीत असूनही. मीसुद्धा.

मध्ये जोड्यांच्या लढती. ढाल विरुद्ध लांब काठी ही लोकांची लाडकी, काठीवाला वरून ठोकतो, ढालवाला चेंडूसारखा जमिनीवर, वेतावर काठीचा ठॅप ठॅप आवाज आणि प्रत्येक ठोक्याला गर्दीचा हो! लढती ठरवलेल्या असतात हे उघड आहे, पण वेग खरा असतो, एका काठीवाल्याची बोटं सोललेली मी जवळून बघितली. ढालींवर वाघाची नाहीतर सिंहाची तोंडं रंगवलेली, दात विचकलेले. मामाची ढाल सगळ्यात जुनी, तिच्या वाघाचा एक डोळा उडालाय, रंगवत नाही म्हणतो.

दुपारी कॉलेजच्या गटांची स्पर्धा, त्यांना रचना आणि हत्यारं पाळून बाकी काहीही करायची मोकळीक असते. लाइट, रेकॉर्ड केलेलं संगीत, नाटकाची गोष्ट, मुलींचे तर इतके जोरदार गट की बघत राहावं, एक मुलगी दोन कुऱ्हाडी घेऊन अशी आली की ली क्वेईने बाजूला व्हावं. तरी माझं मत सांगते, उड्या आणि मनोरे खूप झाले की पथक विरघळतं, सगळ्यांचं लक्ष वर फेकल्या जाणाऱ्या एका पोरावर जातं आणि खाली रांग कशी हलतेय ते कोणी बघत नाही. पण ही पोरं आली नाहीत तर छत्तीस माणसं जमवणं गावांना जड जाईल, तरुण सगळे शहरात. जपानी राजवटीच्या शेवटी, 1937 नंतर, देवळांच्या असल्या गोष्टींवर फार दाब आला होता, युद्धानंतर म्हाताऱ्यांनी आठवून आठवून पुन्हा उभं केलं. आता दाब सरकारचा नाही, नोकऱ्यांचा आहे.

रात्री जेवणावळ. नेईमेनची दुसरी ख्याती म्हणजे आचारी, सगळ्या तैवानात लग्नाकार्याला इथले आचारी जातात. रस्त्यातच लाल-पांढरे-निळे पट्टे असलेला मांडव, गोल टेबलं, टेबलाला दहा माणसं, आणि एकामागून एक ताटं येतच राहतात, थंड पदार्थ, मग सूप, वाफवलेला अख्खा मासा, खेकडा घातलेला चिकट भात, शेवटी गोड. मांडवामागे जाऊन बघितलं तर तिथेही एक पथकच, कढईवाला, वाढणारे, भांडी घासणाऱ्या मावश्या, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. छी जीग्वांगने बारावा माणूस उगाच नव्हता ठेवला. मामा तोवर मस्त लाल झाला होता, माझ्या ग्लासात काओल्यांग ओतत होता, जपून, ती दारू 58 टक्क्यांपर्यंत असते.

सोमवार, परतीचा

मांड्या गेलेल्या. तरी सकाळी मित्राने स्कूटरवर बसवून बदकराजाच्या देवळात नेलंच. हा जू यीग्वेई, फुजियानहून आलेला, इथे लुओहानमेनला बदकं पाळायचा. लोक सांगतात त्याची बदकं त्याच्या इशाऱ्यावर रांगेत चालायची. 1721 मध्ये ताइनानच्या अधिकाऱ्याने कर आणि वसुलीने लोकांना पिळलं तेव्हा हा उठला, आडनाव जू, म्हणजे मिंग बादशहांचंच, त्याचा फायदा झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या लोकांनी ताइनान घेतलं. राजा म्हणून बसला. समुद्रापलीकडून छिंग फौज आली आणि तितक्याच भराभर सगळं संपलं, त्याला बीजिंगला नेऊन मारलं. बंडानंतर या भागावर सरकारची नजर कडक झाली, आणि तरीही पथकं राहिली. देऊळ लहान आहे, शांत, गर्दी नाही, पाच मिनिटांत बघून होतं.

मग त्यानल्यावच्या चंद्रभूमीकडून खाली उतरलो, त्याच करड्या टेकड्या पण जास्त उघड्या, उन्हात डोळे दुखतात. फोटो काढले, पाणी प्यायले, त्सोयिंगहून ट्रेन.

जायचं असेल त्यांच्यासाठी: तारखा दर वर्षी चांद्र कॅलेंडरने बदलतात, आधी बघून घ्या. त्सोयिंगहून छिशानपर्यंत बस आहे, पुढे जत्रेच्या दिवसांतली बस किंवा टॅक्सी. राहायचं छिशानला नाहीतर काओशुंगला, नेईमेनमध्ये हॉटेलं फार नाहीत. टोपी आणि कानात घालायला कापूस न्या, फटाके अगदी जवळ लावतात. मैदानात ढोलाच्या बाजूला उभं राहा, स्टेजसमोर नको, ढोलाजवळून रांगा कशा वळतात ते नीट दिसतं. ढालीला हात लावायचा तर आधी विचारा. आणि याहून मोठं बघायचं असेल तर ताइनानजवळ शिगांगला तीन वर्षांतून एकदा देवाची फेरी निघते, चांद्र चौथ्या महिन्यात, तिथे आजूबाजूच्या गावांची कितीतरी पथकं येतात, पुढची 2027 मध्ये. मामा म्हणतो शिगांगचे ढालवाले नेईमेनपेक्षा कच्चे आहेत, शिगांगचे लोक अर्थातच उलटं सांगत असणार.